डिचोलीकडचं खाणीचं म्युझियम: गोदरेजचं कपाट उघडायला सांगा

फलक नाही, तिकीट नाही, इंटरनेटवर पान नाही. गोव्यात डिचोली आणि सांखळीच्या मध्ये मुख्य रस्ता सोडून आत वळलं की एक जुनं कौलारू घर लागतं. अंगणात डंपरचा टायर उभा करून ठेवलाय, माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढा. हीच खूण. फोनच्या नकाशावर विसंबलात तर भलत्याच जेटीवर, म्हणजे नदीवरच्या खनिज चढवायच्या धक्क्यावर, जाऊन उभे राहाल. त्यापेक्षा डिचोलीच्या बाजारात कुठल्याही जुन्या दुकानात 'खाणीचं म्युझियम' म्हणून विचारा, लोक सांगतात. घरमालक लोखंडाच्या खाणीवर सर्व्हेअर होते. निवृत्त झाल्यावर पुढच्या खोल्या त्यांनी खाणीच्या आणि गावाच्या वस्तूंना दिल्या, मागच्या भागात दोघं नवरा-बायको राहतात. "बसी भरून माणसं आली तर आमच्या एकुलत्या एक संडासाचं काय होईल?" असं म्हणून नाव आणि फोन कुठेही छापायचा नाही, ही अट त्यांनी हसत पण पक्की घातली आहे. तेव्हा इथे ते नुसते काका.

हे परीक्षण तटस्थ माणसाचं नाही. मी याच पट्ट्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. आमच्या घरी टिपर होते, म्हणजे खनिज वाहणारे ट्रक. खाणीच्या पैशावर आमच्या घरावर स्लॅब चढला आणि खाणीच्या धुळीने शाळेच्या खिडक्या बाराही महिने बंद राहिल्या, म्हणजे पावसाळ्याचे चार सोडून. बरोबर पुण्याची नणंद आणि तिचा नातू होता. नणंदेचा गोवा म्हणजे मंगेशी, शांतादुर्गा, कळंगुटला एक संध्याकाळ आणि परतीच्या वाटेवर काजू. तिला काही ठाऊक नव्हतं, ते बरंच झालं. माहीत नसलेल्या माणसाला हे म्युझियम कितपत समजतं, याची परीक्षा आपोआप झाली.

पहिली खोली दगडांची. काचेचं कपाट वगैरे नाही, लांब टेबलावर दगड मांडलेत आणि हात लावायची मोकळीक आहे. काका पोराच्या एका हातात चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, तुकडा देतात, दुसऱ्या हातात तेवढाच लोखंडाचा दगड. तो हात खाली जातो आणि पोराच्या तोंडावर प्रश्न उमटतो. मग ते एक फरशी उलटी करतात आणि तिच्या खरबरीत पाठीवर तो काळपट चकचकीत दगड ओढायला सांगतात. रेघ लाल उठते. आमच्या पट्ट्यातलं लोखंड म्हणजे हेमटाइट, दिसायला काळं-करडं असलं तरी त्याची पूड लालच. रस्ते, झाडं, वाळत घातलेले कपडे लाल का व्हायचे, ते त्या एका रेघेत कळतं. मी इतकी वर्षं पोरांना परिसर अभ्यास शिकवला. ही फरशी तेव्हा मला मिळायला हवी होती.

त्याच टेबलावर लम्प, फाइन्स आणि बाटलीत ब्लू डस्ट. लम्प म्हणजे खडे, फाइन्स म्हणजे चुरा, हे कळतंच. ब्लू डस्ट मात्र चिमटीत घेऊन बघाच. निळसर राखाडी पूड, रेशमासारखी मऊ, भारी ग्रेडची, आणि हात धुतले तरी दोन दिवस नखांत राहणारी. मँगनीजचे काळे गोटेही आहेत, ते दक्षिणेकडचे, सांगे-केप्यातले. टेबलाच्या टोकाला चार सारख्या लाकडी पेट्या ठेवल्यात: एकीत खनिज, तीन पेट्यांत नुसती माती आणि मुरूम. एक टन माल काढायचा तर साधारण अडीच-तीन टन माती उपसून बाजूला टाकावी लागते, त्याचा हा देखावा. या मातीला आमच्याकडे 'रिजेक्शन' म्हणतात आणि तिचा ढीग म्हणजे डंप. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत फिरताना हिरवळ चढलेल्या, पायऱ्यापायऱ्यांच्या, अंमळ जास्तच नीटनेटक्या टेकड्या दिसल्या तर त्या देवाने केलेल्या नाहीत. नणंद इतकी वर्षं त्यांना डोंगरच समजत होती.

दुसरी खोली सर्व्हेची. थिओडोलाइट, साखळी, स्टाफ, पितळी ठोकळे, आणि भिंतभर नकाशे. इथे काका रंगात येतात, कारण हे त्यांचं स्वतःचं काम. एका टेकडीचा जुना अमोनिया प्रिंट आहे, जांभळट रेघांचा. त्यावर त्यांनी वेगवेगळ्या शाईने दर काही वर्षांनी खाण कुठवर उतरली ते काढलंय. आधी शिखर जातं, मग खांदे, मग बेंच, म्हणजे खाणीच्या पायऱ्या, पडत जातात, आणि एका ठिकाणी आकड्यांच्या आधी उणे चिन्ह येतं. म्हणजे खड्ड्याचा तळ समुद्रसपाटीच्या खाली गेला. हा नकाशा या घरातली सर्वांत चांगली 'चित्र' म्हणावी अशी वस्तू आहे, आणि तो नेमका ट्यूबलाइट न पोचणाऱ्या कोपऱ्यात लावलाय. मोबाइलची बॅटरी लावून बघावा लागतो. काका, एक बल्ब लावा हो.

नकाशांच्या शेजारी कायद्यांचे कागद फ्रेम करून लावलेत आणि इथे म्युझियम सपशेल घसरतं. एक फ्रेम १९०६ च्या पोर्तुगीज फर्मानाची, एक १९८७ च्या कायद्याची, खाली दोन-दोन ओळींच्या चिठ्ठ्या. पोर्तुगीज कागदावर टाइप केलेलं इंग्रजी, इंग्रजी कागदावर हाताने लिहिलेलं मराठी, आणि त्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा आनंद आहे. पण मुख्य अडचण वेगळी. हे कागद समजल्याशिवाय बाहेरच्या पडवीतली कात्रणं समजत नाहीत, आणि ते समजावून सांगणारं तिथे काही नाही. म्हणून जायच्या आधी एवढं वाचून जा.

पोर्तुगीज काळात खाणींचे हक्क 'कन्सेशन' म्हणून दिले गेले, जवळजवळ कायमचे. प्रत्येकाला टी.सी., म्हणजे टायटल ऑफ कन्सेशनचा, नंबर असायचा, अमुक ऑफ बावन्न, तमुक ऑफ त्रेपन्न, आणि खाणीवरचे जुने लोक अजून खाणीला त्याच नंबराने ओळखतात. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तरी कन्सेशनं तशीच चालू राहिली. १९८७ साली संसदेने कायदा करून ती रद्द केली आणि २० डिसेंबर १९६१ पासूनच ती 'लीज', म्हणजे भाडेपट्टा, होती असं ठरवलं. लीज म्हटलं की मुदत आली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सांगितलं की ही लीजं २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती, त्यानंतरचं खाणकाम बेकायदा. त्याच निकालात वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा आली आणि विक्रीचा दहा टक्के पैसा पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायचा आदेश आला. सरकारने मग लीजांचं नूतनीकरण केलं, तेही ७ फेब्रुवारी २०१८ ला रद्द झालं आणि मार्चच्या मध्यात खाणी पुन्हा थांबल्या. हे सगळं मला कायदा शिकून कळलेलं नाही. टिपरच्या हप्त्यांपायी गोव्यातल्या किती बायका कोर्टाच्या तारखा तोंडपाठ म्हणायच्या, ते त्या काळात इथे राहिलेल्यांना विचारा.

आता कपाट. दुसऱ्या आणि तिसऱ्या खोलीच्या मधल्या बोळात एक गोदरेजचं हिरवं कपाट आहे. त्याच्यावर काही लिहिलेलं नाही, काका ते स्वतःहून उघडत नाहीत, आणि बहुतेक पाहुणे त्याला टेकून फोनवर बोलतात. उघडायला सांगा. नुसतं "आत काय आहे?" म्हणालात तर "जुने कागद, वैनी" एवढंच उत्तर मिळेल. "हजेरीपट दाखवा" म्हणा.

हजेरीपट पन्नासच्या दशकापासूनचे आहेत. यंत्रं यायच्या आधी खाण म्हणजे पहार, कुदळ, घण आणि टोपली. पुरुष खणायचे आणि फोडायचे, बायका निवडायच्या आणि डोक्यावरून वाहायच्या. पानावर एका बाजूला नावं, मध्ये दिवसांच्या चौकटी, शेवटी रक्कम आणि अंगठा. अंगठेच अंगठे, निळे, पानभर. कुणाच्या नावापुढे गाव लिहिलंय, कुणाच्या नाही. घाटावरचे लोक बरेच. बायकांना पुरुषांपेक्षा कमी रोज, हे तर न सांगताही दिसतं, रकान्याची बेरीज खाली उतरत जाते.

एक जाडजूड पट असा आहे की त्यात पैसाच दोनदा बदलतो. पहिल्या पानांवर मजुरी रुपिया आणि टंगांत. मग मधेच एका पानावर कारकुनाने रुपिया खोडून एस्कुद लिहिलंय आणि समासात पेन्सिलने सहाने गुणल्याचे आकडे मांडलेत. पोर्तुगालने १९५८ च्या शेवटी इथलं चलन बदललं तेव्हा एका रुपियाला सहा एस्कुद असा दर होता. आणखी पुढे, मुक्तीनंतरच्या पानांवर, आपला रुपया. तीनही चलनांत चौकटी तशाच, अंगठे तसेच. नणंद या पानांवर खूप वेळ बसली. तिने बँकेत नोकरी केलेली. गुणाकार तपासत बसली आणि एका ठिकाणी कारकुनाने मजुराचे पैसे कमी धरलेत असं तिने काकांना दाखवून दिलं. काका म्हणाले, "आतां कोणाक सांगतली?" आणि दोघंही हसली. मला हसू आलं नाही, पण नोंद करून ठेवते.

त्याच काळाचे जहाजांचे कागद कपाटात खालच्या फळीवर आहेत. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. बाजार, मनिऑर्डरी, सगळं आवळलं गेलं, आणि पोर्तुगीज सरकारला खाण हाच आधार उरला. जपानच्या पोलाद कारखान्यांना माल हवा होता. तेव्हा इथलं खनिज गोव्यात वितळत नव्हतंच म्हटलं तरी चालेल. टेकडीवरून उतरायचं, नदीत बार्जवर, म्हणजे सपाट मालबोटीवर, चढायचं आणि मुरगाव बंदरात जहाजात जायचं. काकांकडे एका जपानी कंपनीने खाणीला पाठवलेलं भिंतीवरचं कॅलेंडर आहे, साल गेलेलं, फुजी पर्वताचं. त्यांनी ते हजेरीपटावर ठेवलंय. मुद्दाम की सहज, विचारलं नाही.

बार्जचा मार्गही एका हाताने काढलेल्या नकाशावर आहे, तोही कपाटात. हा बाहेर लावायलाच हवा. आमोणे, सारमानस अशा जेट्यांवरून मांडवीत उतरायचं आणि तोंडाकडे जायचं. पण पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आणि लाटा असतात, बार्जला समुद्रात निघता येत नाही. तेव्हा कुंभारजुव्याच्या खाडीतून आत वळून झुआरीत उतरायचं आणि तिथून मुरगाव. पणजीच्या पुलावर उभं राहून ज्यांनी भरलेल्या बार्जींची रांग बघितलीय, पाण्याला टेकलेल्या, त्यांना ही वाट पाठ असते. नणंदेला वाटायचं त्या वाळूच्या बोटी.

माझा मात्र जीव रमला तो सर्वांत खालच्या खणात. ट्रिपच्या स्लिपा. रबर लावून बांधलेले गठ्ठे, गुलाबी आणि पिवळे, कार्बन पुसट झालेले. टिपरचा नंबर, माल कुठे भरला, कुठल्या जेटीवर टाकला, वजन, वेळ, सही. ज्यांच्या घरी टिपर होता त्यांना हे सांगायला नको. पैसे ट्रिपवर मिळायचे. म्हणून पहाटे रांगेत नंबर लावायचा, म्हणून भरून निघाल्यावर ब्रेकपेक्षा हॉर्न जास्त, म्हणून उसगाव-तिस्कच्या आणि कुडचड्याच्या रस्त्यांवर माणसं मेली. नंतर खाणींसाठी वेगळ्या रस्त्यांच्या मागण्या आणि बायपास झाले ते याचसाठी. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाली, पाऊस ओसरला की सीझन. त्याआधी महिनाभर गॅरेजात रांगा, टिपरना नवे रंग, पुढच्या काचेवर लईराई किंवा सातेरी देवीचं नाव. मे संपेपर्यंत नवरा जेवायला घरी यायचा तो पापण्या लाल घेऊन. आमच्या घरी स्लिपांचा हिशेब मी ठेवायचे. पंधरवड्याने पेमेंट, डिझेल वजा, क्लीनर वजा, बँकेचा हप्ता वजा. खणातल्या एका गठ्ठ्यावर बाईचं अक्षर होतं, बेरीज करून खाली दोन रेघा मारलेल्या. बाईचंच, शपथेवर सांगते. हे काकांना माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी त्या 'ट्रकवाल्यांच्या' स्लिपा होत्या.

एवढं सगळं कपाटात आणि बाहेर भिंतीवर काय? मॅनेजरचे सत्काराचे फोटो, एका यंत्राच्या उद्घाटनाची फीत, हेल्मेटं, सुरक्षा सप्ताहाची शिल्ड. माझी या म्युझियमबद्दलची मुख्य तक्रार हीच. काकांना मी सरळ सांगितलं, फोटो कपाटात ठेवा आणि हजेरीपट बाहेर काढा. ते म्हणाले, "कागदाक वाळवी लागता, फोटोक काच आसा." उत्तर बरोबर आहे. पण एका पानाची मोठी झेरॉक्स काढून लावायला काय हरकत?

मागची पडवी टिपरांची आणि बंदीची. नंबरप्लेटा, प्रेशर हॉर्न, रंगवलेल्या फळ्या, आणि वर्तमानपत्रांची कात्रणं प्लास्टिकच्या पिशव्यांत. दोन हजारच्या दशकात चीनने माल उचलायला सुरुवात केली तेव्हा पूर्वी टाकून दिलेला हलका मालही विकला जाऊ लागला, जुने डंपसुद्धा उकरून विकले गेले. २०१०-११ या एका वर्षात गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून जास्त खनिज गेलं. त्या काळात बँकेची माणसं कर्ज द्यायला दारात यायची. मग बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल, १० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती. कात्रणं तारखेप्रमाणे लावलेली नाहीत, नणंदेला २०१८ आधी आणि २०१२ नंतर वाचायला मिळालं. २०२२ च्या शेवटी डिचोलीच्या खाण-ब्लॉकचा लिलाव झाल्याचं कात्रण दाराच्या मागे आहे, दार लावल्याशिवाय दिसत नाही.

बंदीचं माझं चित्र कात्रणांत नाही, त्याची अपेक्षाही नाही. सीझन सुरू व्हायच्या वेळी रस्ता शांत. वर्गातली, बाहेरून आलेल्या मजुरांची पोरं चवथीच्या सुट्टीनंतर परतलीच नाहीत. मी हजेरी घेताना नावं वाचायची आणि पुढे जायची. आमच्यासारख्या शाळांचे पट तसेच रोडावत होते. दुसरीकडे, खडूची पावडर सोडून टेबलावर दुसरी कसलीही पावडर नाही, हे मला पहिल्यांदा तेव्हाच दिसलं. खिडक्या उघडल्या. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यातल्या. घरी जाऊन यातलं काय बोलायचं, कळायचं नाही, कारण अंगणात टिपर उभा होता आणि हप्ता चुकला होता.

आणि पाणी? सबंध घरात पाण्याबद्दल एक अक्षर नाही. ज्या नकाशावर खड्डा समुद्राखाली गेलेला दाखवलाय, तिथे पुढचा प्रश्न आपोआप येतो: खड्ड्यात झरे फुटल्यावर पाणी कुठे गेलं? पंप लावून उपसलं गेलं, आणि आजूबाजूच्या विहिरी तळाला गेल्या. शिरगावची विहिरी-शेतांची तक्रार तर हायकोर्टापर्यंत गेली. पावसात डंपची माती वाहून शेतात बसायची, त्या शेतांत पुन्हा भात नीट पिकवायला वर्षं जातात. हे पडवीत नाही, खोल्यांत नाही, कपाटातही नाही. मी विचारलं तेव्हा काका थोडा वेळ गप्प झाले. काकी मात्र आतून चहा घेऊन येता येता म्हणाल्या, "आमची बांय (विहीर) दोनदा खोल केली, तें सांगा." मग ते सांगू लागले आणि नीट सांगितलं, कुठल्या साली किती खाली गेलं ते सर्व्हेअरच्या शिस्तीने, तारखांसकट. त्यांच्याकडे स्वतःच्या विहिरीच्या पातळीची नोंदवही आहे! घरातल्या वापरातली म्हणून ती म्युझियममध्ये ठेवायची वस्तू आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. नकाशाच्या शेजारी ती वही मांडली तर या पट्ट्यात दुसरीकडे कुठे नसेल असं दालन होईल. मी पुन्हा पुन्हा सांगून आलेय. तुम्हीही सांगा, म्हणजे ऐकतील.

गावाच्या इतिहासाची म्हणून एक खोली आहे, ती पाच मिनिटांत होते. डिचोलीच्या कासारांच्या समया आणि कुंभारांची बुडकुली चांगली आहेत. राणे घराण्याच्या बंडांबद्दल, दीपाजी राणेंच्या १८५२ च्या उठावाबद्दल एक तक्ता आहे, शाळेच्या प्रदर्शनातून आणल्यासारखा. आदोळी (विळी), रगडा, कांबळं, नांगर, हे आता गोव्यात रेस्टॉरंटांतही टांगलेलं असतं. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा फोटो आहे. तेवढं पेट्रोल घालून गेलात तर फोटोपेक्षा देऊळच बघून या, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार करवलेलं, जवळच आहे.

आता व्यवहाराचं. फी नाही. दाराशी डबा आहे, त्यात टाका आणि लाजेपुरतं टाकू नका, वाळवीचं औषध त्यातूनच येतं. दुपारी जेवणानंतर काका झोपतात, तेव्हा जाऊ नका. सकाळी नऊनंतर किंवा चारनंतर. घाईने फिरलात तर अर्ध्या तासात बाहेर पडाल. कपाट धरून दोन-अडीच तास सहज जातात. पावसाळ्यात कपाट उघडत नाहीत, कागदाला दमट हवा लागते म्हणून; त्यामुळे चवथीनंतर ते मेपर्यंतच जा. दोन खोल्यांचे उंबरे उंच आहेत, गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी कुणाचा तरी हात धरावा. गाडी अंगणात लागते, मोठी बस आत वळणार नाही, तेच बरं. मुलांना पहिली खोली पुरते. नणंदेचा नातू उरलेला सगळा वेळ फरशीवर रेघा ओढत बसला होता आणि त्याच्या शर्टाचं जे झालं ते पुण्यातल्या साबणाने निघेल असं वाटत नाही. फोटो काढू देतात, हजेरीपटांचे मात्र नाही. त्यात लोकांची नावं आहेत, त्यांची मुलं-नातवंडं आसपासच्या वाड्यांवर राहतात, असं काका म्हणतात आणि मला ते पटतं.

खायला तिथे काही मिळत नाही, चहा मात्र न मागता येतो. डिचोलीच्या बाजारात सकाळी पातळ भाजी आणि पाव खाऊन निघावं, किंवा परतताना सांखळीत जेवावं. वेळ उरला तर हरवळ्याचा धबधबा आणि शेजारची लेणी जवळच आहेत, पण तिथे रविवारी गर्दी.

पाचपैकी किती, असं विचारलंत तर भिंतींना अडीच आणि कपाटाला पाच.

आणि एक काम. तुमच्या घरी माळ्यावर जुन्या ट्रिप स्लिपा, बार्जच्या पावत्या, मजुरीची पुस्तकं, जेटीवरचे फोटो असं काही पडलं असेल तर टाकून देण्याआधी काकांकडे घेऊन जा. ते झेरॉक्स काढून घेतात आणि मूळ कागद परत देतात, वर कुठल्या घरातून आलं ते पेन्सिलीने लिहून ठेवतात. आमचे गठ्ठे मी पुढच्या खेपेला नेणार आहे. हिशेब कुणी लिहिला तेही पेन्सिलीने लिहून घेईन.